हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील संथ रिपोर्ट वेगवान कसे करावेत

कागदी खतावणीत पान भरले की लेखनिक तळाशी बेरीज मांडत असे आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून तोच आकडा उतरवीत असे. वर्षअखेरीची तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी) काढण्यासाठी पहिल्या पानापासून पुन्हा बेरीज करण्याची वेळ त्याच्यावर येत नसे. संगणकावरील हिशेबात मात्र अनेकदा नेमके तेच घडते: रिपोर्टचे बटण दाबले की स्थापनेच्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद वाचून शिल्लक नव्याने काढली जाते. पहिली एकदोन वर्षे हे खपून जाते. पाचव्या वर्षी, लेखापरीक्षक समोर बसलेले असताना, पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. पुढील क्रम पोस्टग्रेस डेटाबेस गृहीत धरून दिला आहे. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडेल.

पायरी १: आधी मोजावे

‘सिस्टिम स्लो आहे’ ही तक्रार झाली, निदान नव्हे. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन (जोडसुविधा) सुरू करावे. त्यासाठी सर्व्हर एकदा रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून हे काम कार्यालय बंद झाल्यावर उरकावे. प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला दिलेला आदेश किंवा विचारलेला प्रश्न) किती वेळा चालली आणि तिला एकूण किती वेळ लागला, याची नोंद ते ठेवते. मायएसक्यूएलमध्ये स्लो क्वेरी लॉग असतो, पण तो मुळात बंद असतो आणि त्याची मर्यादा १० सेकंदांची असते, म्हणजे त्याहून जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरीच त्यात नोंदल्या जातात. ती १ सेकंदावर आणावी. मोजणी किमान महिनाभर चालू द्यावी, कारण जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखांच्या आसपास जो भार येतो, तो महिन्याच्या इतर दिवशी दिसत नाही. वर्षातून एकदा ४ मिनिटे घेणाऱ्या ताळेबंदापेक्षा दिवसातून ३०० वेळा उघडणारी आणि प्रत्येक वेळी ५ सेकंद घेणारी येणेबाकीची यादी आधी हाती घ्यावी, असे माझे मत आहे. ३०० वेळा ५ सेकंद म्हणजे दिवसाची २५ मिनिटे होतात.

पायरी २: क्वेरीचा आराखडा वाचावा

बॅकअपवरून पूर्ण डेटाची एक प्रत उभी करावी आणि प्रयोग तिच्यावरच करावेत. शंभर नोंदींच्या नमुन्यावर सगळेच वेगवान वाटते. संथ क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन अॅनालाइज’ लिहिले की डेटाबेसने कोणता मार्ग धरला आणि कुठे किती वेळ गेला, हे कळते. हा आदेश क्वेरी खरोखरच चालवतो, त्यामुळे नोंदी बदलणाऱ्या किंवा पुसणाऱ्या क्वेरीवर तो सहज म्हणून वापरू नये.

आराखड्यात दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, लाखो ओळी वाचून त्यांतील बहुतेक ‘फिल्टर’मध्ये टाकून दिल्या आहेत का, तसे असेल तर योग्य इंडेक्स (ओळ चटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) नाही किंवा असलेला वापरता आलेला नाही. दुसरी, अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांत मोठी तफावत आहे का. डेटाबेसने ५० ओळींचा अंदाज बांधला आणि निघाल्या ५ लाख, तर निवडलेला मार्ग बहुधा चुकीचाच असतो. महिनाअखेरीस मोठा डेटा एकदम आयात केल्यावर असे हमखास होते. अशा वेळी आयात संपताच त्या टेबलवर ‘अॅनालाइज’ (डेटाबेसचे अंदाज ताजे करणारा वेगळा आदेश) चालवावे. कधीकधी एवढ्यानेच काम भागते.

पायरी ३: तारखेची अट सुधारावी

आर्थिक वर्षाचा रिपोर्ट काढताना बरेच जण तारखेतून वर्ष किंवा महिना वेगळा काढून त्यावर अट घालतात. स्तंभावर असे फंक्शन लावले की तारखेच्या साध्या इंडेक्सचा उपयोग होत नाही, कारण इंडेक्स तारखांचा असतो, त्यातून काढलेल्या महिन्यांचा नव्हे. स्तंभ जसा आहे तसा ठेवून त्याला दोन टोके द्यावीत: १ एप्रिल २०२४ किंवा त्यानंतर, आणि १ एप्रिल २०२५ च्या आधी. वरचे टोक ‘३१ मार्च किंवा त्याआधी’ असे लिहिण्याचा मोह आवरावा. स्तंभात तारखेसोबत वेळही साठवली जात असेल, तर ‘३१ मार्च’ याचा अर्थ तो दिवस सुरू होतानाची मध्यरात्र असा घेतला जातो आणि ३१ मार्चला दिवसभरात केलेली सारी व्हाउचरे रिपोर्टमधून गळतात. वर्षातील सर्वांत गजबजलेल्या दिवसाच्या नोंदी अशा गायब झालेल्या मी पाहिल्या आहेत; दुपारभर तो फरक जमाखर्चात शोधला गेला आणि सापडला तो क्वेरीत.

पायरी ४: इंडेक्स खतावणीसारखा बांधावा

रोजकीर्दीत आधी तारीख सापडते. खतावणीत आधी खात्याचे पान निघते आणि मग त्या पानावर तारीख. इंडेक्समधील स्तंभांचा क्रम ठरवताना हाच फरक लक्षात घ्यावा. एका खात्याचा उतारा हवा असेल तर ‘खाते, मग तारीख’ असा इंडेक्स हवा. नुसत्या तारखेचा इंडेक्स त्या काळातील सर्व खात्यांच्या नोंदी चाळायला लावतो. अडचण अशी की अनेक सॉफ्टवेअरमध्ये तारीख व्हाउचरच्या टेबलमध्ये आणि खाते नोंदींच्या टेबलमध्ये असते, आणि दोन टेबलांवर मिळून एक इंडेक्स बांधता येत नाही. अशा वेळी तारीख नोंदींच्या टेबलमध्येही ठेवावी आणि व्हाउचरची तारीख बदलल्यास तीही बदलेल, असा ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारा आदेश) लावावा. पुनरुक्ती टाळण्याचा नियम इथे मोडतो खरा, पण तो जाणूनबुजून मोडलेला बरा.

पोस्टग्रेस फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलमधील ओळीचा क्रमांक ठेवणाऱ्या) स्तंभावर आपणहून इंडेक्स बांधत नाही. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे साठवण-इंजिन बांधते. त्यामुळे नोंदींच्या टेबलमधील व्हाउचर क्रमांकावर इंडेक्स आहे का, हे आवर्जून पाहावे. चालू सर्व्हरवर इंडेक्स बांधताना ‘कन्करंटली’ हा पर्याय वापरावा, नाहीतर तो पूर्ण होईपर्यंत बिले बनवणाऱ्यांना थांबून राहावे लागेल. दिसेल त्या स्तंभावर मात्र इंडेक्स लावू नये, कारण प्रत्येक नवी नोंद त्या साऱ्यांमध्येही लिहावी लागते.

पायरी ५: चालू शिल्लक ओळीओळीने काढू नये

खाते-उताऱ्यात प्रत्येक ओळीपुढे शिल्लक लागते. ती काढण्यासाठी दर ओळीला ‘इथपर्यंतची बेरीज’ अशी उपक्वेरी चालवली, तर २०,००० ओळींच्या खात्यासाठी सुमारे २० कोटी बेरजा होतात. त्याऐवजी विंडो फंक्शन वापरावे; ते एकाच फेरीत, लेखनिकाप्रमाणे मागचा आकडा हाती धरून पुढे जाते. यात एक खोच आहे. क्रम फक्त तारखेनुसार लावला, तर एकाच दिवसाच्या सर्व ओळींपुढे त्या दिवसअखेरची एकच शिल्लक येते. म्हणून क्रमात तारखेनंतर नोंद क्रमांकही द्यावा.

पायरी ६: बंद झालेला काळ पुन्हा मोजू नये

प्रत्येक खात्याची प्रत्येक महिन्याची नावे आणि जमा बेरीज ठेवणारे गोषवारा टेबल तयार करावे. ५०० खाती आणि १० वर्षे धरली तरी त्यात फार तर ६०,००० ओळी होतात, मग मूळ नोंदी काही कोटी असोत. आरंभीची शिल्लक या टेबलमधून घ्यावी आणि फक्त चालू महिन्याच्या मूळ नोंदी वाचाव्यात. प्रश्न उरतो मागील तारखेच्या नोंदींचा. महिना बंद केल्यावर त्यात लिहिण्यास मज्जाव करणारे कुलूप सॉफ्टवेअरमध्ये असावे, आणि ते अधिकाराने उघडून नोंद केल्यास त्या महिन्याचा गोषवारा आपोआप पुन्हा तयार व्हावा. मटेरियलाइज्ड व्ह्यूनेही (क्वेरीचे उत्तर साठवून ठेवणाऱ्या टेबलनेही) हे साधते, परंतु पोस्टग्रेसमध्ये तो ताजा करताना सगळाच पुन्हा मोजला जातो. रात्री एकदा ताजा होणारा रिपोर्ट चालत असेल तरच तो निवडावा.

जुन्या नोंदी पुसून वेग मिळवण्याचा विचार मात्र करू नये. भारतातील कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणे बंधनकारक आहे. हा माग झपाट्याने वाढतो, म्हणून तो वेगळ्या टेबलमध्ये ठेवावा आणि नेहमीच्या रिपोर्टच्या क्वेरीत जोडू नये.

पायरी ७: सर्व्हरची मेमरी

हे शेवटी करावे. आराखड्यात सॉर्ट (ओळींची क्रमवारी लावणे) मेमरीत न मावून डिस्कवर गेलेला दिसला, तर ‘वर्क मेम’ ही मेमरीची मर्यादा वाढवून पाहावे. मूळ मर्यादा ४ एमबी असते. ती सर्व सर्व्हरसाठी न वाढवता फक्त त्या रिपोर्टच्या सत्रापुरती वाढवावी, कारण एकाच क्वेरीतील प्रत्येक सॉर्ट तेवढी मेमरी स्वतंत्रपणे घेऊ शकतो.

पायरी ८: तेरीज जुळवावी

प्रत्येक बदलाआधी आणि नंतर, त्याच बॅकअपच्या प्रतीवर, किमान तीन आर्थिक वर्षांची तेरीज काढून खातेनिहाय पैशापर्यंत ताडून पाहावी. एखाद्या खात्याची रक्कम नेमकी दुप्पट आली, तर नोंदी दुसऱ्या एखाद्या टेबलला जोडल्यावर बेरीज झाली आहे. आधी बेरीज करून मग जोडावे, ‘डिस्टिंक्ट’चे (सारख्या ओळी एकदाच धरणाऱ्या शब्दाचे) ठिगळ लावू नये, कारण समान रकमेच्या दोन खऱ्या नोंदीही त्यात एक होऊन जातात. फरक एकदोन पैशांचा असेल, तर रकमेचा स्तंभ ‘न्यूमेरिक’ऐवजी (नेमका दशांश ठेवणारा) ‘फ्लोट’ (जवळपासचा आकडा ठेवणारा) प्रकारचा आहे का, हे पाहावे.