रासायनिक अभियांत्रिकीची शिकवणी: शिक्षक कसा पारखावा

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या गणितासाठी आणि मेकॅनिक्ससाठी मुंबई-पुण्यात क्लासेसना तोटा नाही. संगणक किंवा यंत्र शाखेच्या मुलांना पुढच्या वर्षांतही कुठे ना कुठे बॅच मिळून जाते. केमिकल घेतलेल्या मुलांची मात्र दुसऱ्या वर्षात पाऊल टाकताच पंचाईत होते, कारण ही शाखा शिकवणारी महाविद्यालये मोजकी आहेत, ती एकमेकांपासून लांब आहेत आणि एका गावात क्लास चालावा इतके विद्यार्थी सहसा जमत नाहीत. म्हणून या शाखेत शिकवणी बहुतेक वेळा व्यक्तिगतच असते आणि ती शोधावी लागते.

मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. त्या काळात डोंबिवलीतील एका निवृत्त प्लान्ट इंजिनिअरकडे शिकले, पुढे प्रोसेस डिझाइनमध्ये नोकरी केली आणि आता काही वर्षे संध्याकाळी मुलांना शिकवते. दोन्ही बाजूंनी हा व्यवहार पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की ‘केमिकल इंजिनिअरिंगचा शिक्षक’ शोधायला निघू नये. आपली अडचण कोणत्या विषयात आणि त्या विषयाच्या कोणत्या भागात आहे हे आधी नक्की करावे आणि तेवढ्यापुरता शिक्षक शोधावा.

पालकांच्या हातून सर्वांत जास्त होणारी गफलत म्हणजे केमिकलसाठी रसायनशास्त्राचा शिक्षक लावणे. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या, बारावीची मुले उत्तम घडवणाऱ्या सरांकडे दुसऱ्या वर्षाची मुलगी पाठवली जाते आणि महिन्याभरात दोघेही अवघडून जातात. दोष कोणाचाच नसतो. केमिकल इंजिनिअर द्रव पाइपमधून कसा वाहतो, उष्णता नळीच्या भिंतीतून किती वेगाने जाते, दोन द्रवांचे मिश्रण किती प्लेटच्या टॉवरमध्ये वेगळे होईल याचा हिशेब करतो. यात अभिक्रियेचे समीकरण लिहिण्यापेक्षा गणित आणि भौतिकशास्त्र जास्त लागते. ऑरगॅनिक किंवा फिजिकल केमिस्ट्रीचा पेपर राहिला असेल तर रसायनशास्त्राच्याच शिक्षकाकडे जावे, पण हीट ट्रान्सफरसाठी त्यांच्याकडे जाऊ नये.

याची दुसरी बाजू अशी की आसपास केमिकलचा माणूस नसला तरी सगळे विषय अडून राहत नाहीत. फ्लुइड फ्लो आणि हीट ट्रान्सफरचा मोठा भाग यंत्र शाखेचा चांगला शिक्षक शिकवू शकतो. प्रोसेस कंट्रोलमध्ये लाप्लास ट्रान्सफॉर्म आणि कंट्रोलरचे ट्यूनिंग अडत असेल तर इन्स्ट्रुमेंटेशनचा पदवीधर पुरेसा होतो. एम-थ्रीसाठी, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितासाठी, तर सरळ गणिताच्या प्राध्यापकांकडे जावे. थर्मोडायनॅमिक्समध्ये मात्र सावध राहावे. पहिले दोन नियम यंत्र शाखेचे शिक्षक छान समजावतात, परंतु त्यांच्या पुस्तकांत पहिला नियम सहसा ‘उष्णता वजा कार्य’ असा लिहिलेला असतो, तर केमिकलच्या अनेक पुस्तकांत तो ‘उष्णता अधिक कार्य’ असा असतो. कार्याची दिशा कोणती धन मानायची एवढाच हा फरक आहे, पण तो आधी सांगितला नाही तर मुलाची सगळी चिन्हे उलटसुलट होतात. पुढे फ्युगॅसिटी, ॲक्टिव्हिटी कोइफिशंट आणि बाष्प-द्रव समतोल सुरू झाला की केमिकलचाच माणूस हवा. मास ट्रान्सफर (मिश्रणातले घटक वेगळे करणे) आणि रिॲक्शन इंजिनिअरिंग (अभिक्रियेसाठी रिॲक्टरचा हिशेब) या दोन विषयांसाठी तर पर्यायच नाही.

आता अडचण ओळखण्याविषयी. माझ्याकडे येणारी बरीच मुले ‘मास ट्रान्सफर जात नाही’ किंवा ‘सी.आर.ई.ची केटी आहे’ (म्हणजे रिॲक्शन इंजिनिअरिंगचा पेपर राहिला आहे) असे सांगत येतात, आणि वही उघडली की खरे दुखणे दुसऱ्या वर्षाच्या मटेरियल बॅलन्समध्ये, म्हणजे आत किती आले आणि बाहेर किती गेले या हिशेबात, निघते. तो विषय सोपा समजून पुढे ढकललेला असतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक विषय त्याच्यावरच उभा असतो. त्यामुळे शिक्षक पारखायचा असेल तर मी मटेरियल बॅलन्सचे अगदी साधे उदाहरण पुढे ठेवायला सांगते.

साखर कारखान्यातले उदाहरण घ्या. ताशी १०० टन रस बाष्पीभवन संचात येतो आहे, त्यात १५ टक्के घन पदार्थ आहेत, आणि बाहेर पडणाऱ्या सिरपमध्ये ते ६० टक्के हवेत, तर किती पाणी उडवावे लागेल? घाईत असलेला विद्यार्थी ६० मधून १५ वजा करतो आणि ४५ टन असे उत्तर देतो. उत्तर चुकले हे कोणताही शिक्षक सांगेल. काही जण लगेच बरोबर उत्तर लिहून देतील आणि मुलगा ते उतरवून घेईल. डोंबिवलीचे माझे सर अशा वेळी कोरा कागद घ्यायला लावत, त्यावर एक चौकोन, आत येणारा एक बाण आणि बाहेर जाणारे दोन बाण काढायला सांगत, आणि विचारत, ‘‘तुझ्या उत्तराप्रमाणे सिरप किती उरले?’’ सिरप उरले ५५ टन. ‘‘त्यात साखर आणि बाकीचे घन पदार्थ किती?’’ ते वाफेबरोबर जात नाहीत, म्हणजे १५ टनच. मग १५ भागिले ५५ केले की सत्तावीस टक्क्यांच्या आसपास उत्तर येते, आणि ते ६० नाही हे विद्यार्थ्याला स्वतःलाच दिसते. तेथून १५ टन म्हणजे सिरपचे ६० टक्के, म्हणून सिरप २५ टन आणि उडालेले पाणी ७५ टन, इथवर पोहोचायला त्याला कोणाची मदत लागत नाही. न उडणारा घटक धरून हिशेब करायचा ही गोष्ट त्याला कायमची समजते, आणि पुढे ड्रायर, क्रिस्टलायझर, ॲब्सॉर्बर आले तरी तो तोच घटक शोधू लागतो. शिकवणीच्या पहिल्याच तासाला शिक्षक चौकोन काढायला लावतात का, बेसिस (हिशेबासाठी धरलेले मूळ प्रमाण) आणि एकके लिहून घेतात का, आणि चूक विद्यार्थ्यालाच सापडू देतात का, एवढे पाहिले तरी निवड बरीचशी होऊन जाते.

तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न आदराने विचारून पाहावा. पहिल्या ऑर्डरच्या (जिचा वेग पदार्थाच्या प्रमाणाच्या पटीत असतो अशा) अभिक्रियेत ८० टक्के कन्व्हर्जन, म्हणजे ८० टक्के पदार्थाचे रूपांतर, हवे असेल तर सतत ढवळल्या जाणाऱ्या टाकीचे आकारमान नळीसारख्या प्लग फ्लो रिॲक्टरच्या जवळजवळ अडीचपट का लागते? सूत्राने टाकीसाठी ४ आणि नळीसाठी १.६१ हे आकारमानाच्या तुलनेचे आकडे कोणीही काढून दाखवील. टाकी उत्तम ढवळलेली असल्यामुळे आतले प्रमाण सगळीकडे बाहेर पडणाऱ्या द्रवाइतकेच कमी असते, म्हणून अभिक्रिया सगळीकडे सर्वांत मंद वेगानेच चालते, आणि नळीत मात्र सुरुवातीच्या भागात ती जोरात चाललेली असते, असे जे आधी शब्दांत आणि मग आलेखावर दाखवतात, त्यांच्याकडे निःशंक जावे.

अशी माणसे कुठे भेटतात? मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेले आणि जुनी मंडळी अजूनही यू.डी.सी.टी. म्हणतात ते केंद्र, आणि पवईची आय.आय.टी.; पुण्यात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा; नागपुरात १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण संस्था. या ठिकाणी एम.टेक. आणि पीएच.डी. करणारी मुले-मुली असतात आणि त्यांचा विषय ताजा असतो. त्यांना विचारताना एक भान ठेवावे. फेलोशिपच्या नियमांत बाहेरच्या सशुल्क कामावर बंधन असू शकते, तेव्हा त्यांना अडचणीत टाकणारा आग्रह धरू नये. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स ही १९४७ साली स्थापन झालेली व्यावसायिक संस्था आहे. आपल्या महाविद्यालयात तिची विद्यार्थी शाखा असेल तर तिच्या कार्यक्रमांना आवर्जून जावे, कारण अनुभवी अभियंत्यांशी ओळख तिथे सहज होते.

शहरापासून दूर शिकणाऱ्यांना मी नेहमी आसपासची औद्योगिक वसाहत बघायला सांगते. लोणेऱ्याच्या विद्यार्थ्याला महाड आणि रोहा जवळ आहेत, पालघरकडच्याला तारापूर-बोईसर, चिपळूण-खेडच्या मुलांना लोटे परशुराम, दौंडकडच्यांना कुरकुंभ. वारणानगर किंवा लोणीत शिकणाऱ्याच्या तर दारातच साखर कारखाना आहे. तेथील प्रोसेस इंजिनिअर बाष्पीभवन, ऊर्धपातन, उष्णता विनिमयक ही यंत्रे रोज हाताळतात, आणि त्यातील कित्येकांना शिकवायला मनापासून आवडते. शिफ्ट ड्यूटी असलेल्यांना ठरावीक वेळ पाळणे जमत नाही, म्हणून जनरल शिफ्टमधील किंवा निवृत्त व्यक्ती बघावी. त्यांची पुस्तकी सूत्रे कधी विस्मरणात गेलेली असतात, हे मान्य करूनच जावे आणि प्रकरण आदल्या दिवशी त्यांना कळवावे. डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलांसाठी असे शिक्षक मला सर्वांत योग्य वाटतात. या मुलांना यंत्रे ठाऊक असतात, गणित मागे राहिलेले असते, आणि यंत्राकडून सूत्राकडे नेणारा शिक्षक त्यांना लवकर उमगतो. स्पष्टीकरण मराठीतून आणि संज्ञा इंग्रजीतून चालल्या तरी काही बिघडत नाही. पेपरात मात्र पूर्ण उत्तर इंग्रजीत लिहायचे असते, म्हणून आठवड्यातून एखादे उत्तर तसे लिहून तपासून घ्यावे.

नुसते व्याख्यान ऐकायचे असेल तर पैसे खर्च करण्याची गरज नाही. आय.आय.टी. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे एन.पी.टी.ई.एल. अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध आहेत आणि केमिकलचे जवळजवळ सगळे मुख्य विषय त्यात आहेत. शिकवणी हवी असते ती आपण सोडवलेले गणित कोणीतरी ओळीने वाचून कुठे घसरलो ते दाखवावे यासाठी. म्हणून ऑनलाइन शिकायचे ठरले तर दोन्ही बाजूंचे हस्ताक्षर चालू तासात दिसले पाहिजे. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून कॅमेरा वहीवर रोखला तरी काम भागते. तयार स्लाइड वाचून दाखवणारा तास मॅकेब-थीलेच्या आलेखासाठी (ऊर्धपातनाच्या टॉवरला किती प्लेट लागतील ते पायऱ्या काढून मोजण्यासाठी) निरुपयोगी आहे, कारण त्या पायऱ्या आपल्या हाताने काढल्याशिवाय जमत नाहीत.

गेटची (एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेची) तयारी आणि विद्यापीठाची परीक्षा यांसाठी एकच शिक्षक असावा असे नाही. गेटमध्ये ३ तासांत १०० गुणांचे ६५ प्रश्न असतात, त्यात पर्याय नसलेले, संख्येत उत्तर द्यायचे प्रश्नही येतात, आणि पडद्यावरचा कॅल्क्युलेटर वापरावा लागतो. विद्यापीठाच्या पेपरात सिद्धता, आकृती आणि सविस्तर उदाहरण यांना गुण असतात. शिक्षकांना पहिल्या भेटीतच कोणती परीक्षा ते सांगून मागील पेपर हातात द्यावेत.

पैशांचे बोलणे सुरुवातीलाच, संकोच न करता व्हावे. संपूर्ण सेमिस्टरची फी एकरकमी देण्याऐवजी युनिटनुसार किंवा तासानुसार ठरवावी, आणि पहिले युनिट झाल्यावर पुढचे बघू असे दोघांनीही मोकळेपणाने म्हणावे. तीन-चार मित्रांनी मिळून शिकवणी लावली तर खर्च वाटला जातो, मात्र चौघांची अडचण एकाच विषयात असावी. असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून देण्याची तयारी दाखवणारे लोकही भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नये. व्हायवात हीट एक्स्चेंजरची ही रचना का निवडली असे विचारले की विद्यार्थी एकटाच उभा असतो, आणि माझ्या मनाला हे प्रसंग फार लागतात, कारण त्या मुलांत थोड्या मदतीने स्वतः ते डिझाइन करण्याची कुवत असते.

शिकवणी सुरू करण्याची वेळही महत्त्वाची आहे. पी.एल. (परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी) लागल्यावर शिक्षक शोधायला निघालेल्या मुलाला कोणीही फार तर अपेक्षित प्रश्न सांगू शकतो. सेमिस्टरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पहिले युनिट संपत आले की अडचण कुठे आहे ते कळू लागते, तेव्हाच विचारपूस सुरू करावी. पहिल्या भेटीला जाताना स्वतः प्रयत्न करून अडलेली दोन-तीन उदाहरणे, अभ्यासक्रमाची प्रत, स्टीम टेबल आणि आलेख कागद सोबत न्यावा. अडलेली उदाहरणे खोडरबराने पुसू नयेत. शिक्षकांना सर्वांत जास्त माहिती त्याच ओळींतून मिळते.