निर्यातीचा ट्रॅक्टर कंटेनरमध्ये असा बांधा की डीलरच्या दारात तो जसाच्या तसा उतरेल

न्हावाशेव्याच्या आसपासच्या यार्डांत मी अनेक वर्षं ट्रॅक्टर कंटेनरमध्ये भरून घेण्याचं काम करतो. सगळ्यात जास्त माल आफ्रिकेत जातो. या विषयावर लिहिणारे आयईसी, शिपिंग बिल, लेट एक्सपोर्ट ऑर्डर, बिल ऑफ लेडिंग अशा निर्यातीच्या कागदपत्रांवर पानंच्या पानं लिहितात. ती कामं तुमचा सीएचए, म्हणजे कस्टमचा एजंट, करतोच. ट्रॅक्टर बांधायची वेळ आली की मात्र सगळे एका ओळीत आटोपतात: ‘माल घट्ट बांधावा.’ घट्ट म्हणजे किती, कुठे आणि कशाने, हे कोणी सांगत नाही. नुकसान नेमकं तिथेच होतं, म्हणून या लेखातला बराचसा भाग बांधण्यावरच आहे.

रो-रो की कंटेनर

संख्या मोठी असेल आणि डीलर बंदराजवळ असेल तर रो-रो जहाज बघा. मुंबई बंदरातून ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर जहाजात चढतात आणि पलीकडे तसेच उतरतात. डीलर दूर आत असेल, युगांडा किंवा झांबियासारख्या समुद्र नसलेल्या देशात, तर कंटेनरच घ्या. बंदरापासून दुकानापर्यंत माल कुलपात राहतो, वाटेत आरसे आणि बॅटऱ्या जात नाहीत.

कंटेनर चाळीस फुटी हाय क्यूबच मागवा. साध्या कंटेनरच्या दाराची उंची साधारण 2.28 मीटर असते, हाय क्यूबची 2.58. आतली रुंदी दोन्हींत सारखीच, 2.35 मीटर, आणि लांबी 12 मीटरच्या किंचित वर. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर साडेतीन मीटरचा धरला तर सरळ उभे तीन बसतात.

चौथा बसवण्यासाठी पुढची चाकं उचलून तिरके रचतात. त्या मॉडेलसाठी बनवलेला लोखंडी स्टँड हाताशी असेल तरच हे करा. लाकडाच्या थप्पीवर पुढचा ॲक्सल टेकवून तिरका ट्रॅक्टर मी पाठवत नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी नाही. थप्पीतला एक गुटका सरकला की वरचा ट्रॅक्टर खालच्याच्या सीटवर येतो.

भरण्याआधी

ट्रॅक्टर धुऊन कोरडा करा, टायरच्या खाचेत माती राहू देऊ नका. डिझेल चार-पाच लिटरच ठेवा. आरसे, सायलेन्सर, रोलबार काढून पेटीत घाला आणि प्रत्येकाचे नट-बोल्ट त्याच पेटीत, वेगळ्या पिशवीत, मॉडेलची चिठ्ठी लावून ठेवा. हायड्रॉलिकच्या चकचकीत दांड्यांना ग्रीस फासा.

कंटेनर रिकामा असताना आत उभे राहा आणि बाहेरून दारं लावून घ्या. उजेडाचा एक ठिपका जरी दिसला तरी कंटेनर परत पाठवा.

लाकूड आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडातली कीड परदेशात जाऊ नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का असलेलंच वापरा. असं लाकूड बहुधा गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवलेलं असतं. फळी कापली की शिक्का एकाच तुकड्यावर राहतो, बाकीचे बिनशिक्क्याचे होतात. गुटके पुरवठादाराकडूनच कापून घ्या, म्हणजे प्रत्येकावर शिक्का येईल. यार्डात पडलेली पाचर कोणी उचलून मारत नाही ना, याकडे स्वतः लक्ष द्या. तेवढ्या एका पाचरीवरून सगळा कंटेनर अडतो.

आत नेताना इंजिन चालू ठेवायचं ते फक्त चढण्यापुरतं. बंद पेटीत धूर माणसाला पटकन गुंगवतो. शेवटचं अंतर ढकलून किंवा फोर्कलिफ्टने न्या.

बांधणं

सुरुवातीची काही वर्षं मीही चुकीचंच बांधत होतो. जाड रॅचेट पट्टे घ्यायचे, चेसीवरून टाकायचे, दोन माणसांनी लोंबकळून आवळायचे आणि समाधानाने दार लावायचं. मग एकदा पूर्व आफ्रिकेतल्या एका डीलरने कंटेनर उघडल्याबरोबर फोटो पाठवला. मागचा ट्रॅक्टर पुढे सरकून पुढच्याच्या लिंकेजवर, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या हातांवर, आदळला होता. रेडिएटरची जाळी आत गेलेली, बॉनेट दुमडलेलं. पट्टा तुटला असेल असं मला वाटलं होतं. फोटो मोठा करून पाहिला तर पट्टा अख्खा होता. त्याचा हूक कंटेनरच्या कडीतून निघून जमिनीवर पडला होता.

पट्टा न तुटता सुटला कसा? टायरमुळे. टायर म्हणजे हवेची स्प्रिंग. जहाज एका बाजूला कलतं तेव्हा त्या बाजूचा टायर दबतो, ट्रॅक्टर बोटभर खाली जातो आणि तेवढ्या क्षणापुरता पट्टा सैल पडतो. जहाज दुसरीकडे कललं की पट्टा पुन्हा ताणला जातो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हे दिवसरात्र हजारो वेळा होतं. सैल पडलेल्या कुठल्यातरी एका क्षणी हूक निसटतो. टायरमध्ये हवा जितकी कमी, तितका हा हेलकावा मोठा.

दुसरी गोष्ट हिशोबाची आहे. कंटेनरच्या जमिनीलगतची कडी एक टनाची धरतात. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो. कंटेनर कसा भरावा याचा जो आंतरराष्ट्रीय सीटीयू कोड 2014 साली आला, त्यात सगळ्यात खवळलेल्या समुद्रासाठी आडवा जोर वजनाच्या 0.8 पट धरायला सांगितला आहे. म्हणजे तुमचा ट्रॅक्टर भिंतीच्या दिशेने सोळाशे किलोंचा रेटा देणार. तो रेटा दोन पट्टे आणि दोन कड्यांवर सोपवणं चूक आहे, पट्टा पाच टनांचा असला तरी कडी एकाच टनाची आहे. धक्का लाकडाने घ्यायचा, पट्ट्याने फक्त खाली दाबून धरायचं. पुढचं सगळं यावरच आहे.

टायरमध्ये शेतातल्यापेक्षा जास्त हवा भरा. कंपन्या वाहतुकीसाठी वेगळा आकडा देतात. तो वापरा, आणि टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. कडक टायर कमी उसळतो.

प्रत्येक मागच्या चाकाच्या पुढे आणि मागे गुटका द्या, टायरला चिकटून. नंतर दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये, गुटक्यापासून गुटक्यापर्यंत, लांब फळ्या टाका. ही साखळी पुढच्या भिंतीपासून दारापर्यंत अखंड हवी. शेवटच्या ट्रॅक्टरनंतर दाराच्या खांबांच्या खाचेत आडवी तुळई बसवा, दारावर भार येऊ देऊ नका.

बाजूची जागा लोक सोडून देतात. ट्रॅक्टर 1.9 मीटर रुंद असेल तर प्रत्येक बाजूला वीत-सव्वा वीत मोकळी राहते. तेवढ्या जागेत दोन टनांचं धूड झोके घेतं. चाक आणि भिंत यांच्यामध्ये लाकूड ठोका, पण भिंतीला आधी लांब फळी लावा. भिंतीचा पत्रा नागमोडी असतो. जोर चार-पाच नागमोड्यांवर पसरला तर तो टिकतो, एका ठिकाणी आला तर पोचा पडतो.

जमिनीचं प्लायवूड 28 मिलिमीटरचं असतं. खिळा जमिनीत पंचवीसपेक्षा जास्त जाणार नाही असा निवडा. आरपार गेला तर पाणी येतं आणि शिपिंग लाइन दुरुस्तीचे पैसे लावते.

आता पट्टे. मागे ॲक्सलच्या हाउसिंगवर आणि पुढे ॲक्सलच्या बीमवरच बांधा. स्टिअरिंगचा सिलिंडर, टाय रॉड, बंपर, तीन बिंदूंच्या लिंकेजचे हात यांना हात लावू नका. हे भाग ओढ सोसायला बनवलेले नाहीत. पट्टे फुलीसारखे, डावीकडचा उजव्या कडीला आणि उजवीकडचा डाव्या कडीला. जिथे धारेवरून वळतो तिथे रबराचा तुकडा. हूक कडीत घातल्यावर त्याचं तोंड तारेने बांधून टाका. पाच रुपयांची तार असते, पण त्या फोटोनंतर तारेशिवाय माझा एकही कंटेनर बंद झालेला नाही.

गिअर टाका, हँडब्रेक ओढा. मात्र हिशोबात ते धरू नका.

एवढं झालं की लगेच दार लावू नका. पट्टा बसतो, लाकूड दबतं. मी रात्रभर थांबतो आणि घाई असली तरी दोन तास तरी थांबतोच, मग पुन्हा आवळतो. आमच्याकडे उरणचे एक वयस्क मुकादम होते. ते प्रत्येक पट्ट्यावर पाना हलकेच मारत आणि कान देत. ताणलेला पट्टा ठणठणीत वाजतो, सैल पट्टा फडफडतो. एका पट्ट्याचा आवाज वेगळा आला की ते म्हणत, “साहेब, हा अजून बसला नाही, थांबा.” मी थांबत असे. तुमच्याकडेही अशी सवय असलेला कोणी असेल तर त्याच्या शब्दावर कंटेनर थांबवा, गाडी सुटायची वेळ झाली असली तरी.

वजन जाहीर करताना लाकूड आणि पट्टे विसरू नका. 1 जुलै 2016 पासून तपासलेल्या वजनाशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही, आणि तीन ट्रॅक्टरांना लागणारं लाकूड काही शे किलो सहज भरतं. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा, सीलच्या क्रमांकाचा फोटो घ्या, झालं.

डीलरकडे

डीलरला आधी विचारा: रॅम्प आहे का? ट्रेलरवरच्या कंटेनरची जमीन माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असते. रॅम्प नसेल तर तो कुठून आणणार हे जहाज सुटण्याआधी ठरलं पाहिजे. कंटेनर अडकून राहिला तर रोजचं भाडं वाढत जातं. पेटीत सोडवण्याच्या क्रमाचे फोटो छापून घाला, कुठला पट्टा आधी सोडायचा तेही लिहा.

ट्रॅक्टर उतरला की डीलरच्या मेकॅनिकने पहिलं काम टायरची हवा शेताच्या आकड्यावर आणण्याचं करायचं. हे राहिलं तर ट्रॅक्टर उड्या मारतो, ओढत नाही, आणि शेतकरी तक्रार इंजिनाची करतो. मग डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी काढायचं, कंटेनरमध्ये दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने सुटलेला घाम टाकीतही उतरतो. चाकांचे नट पुस्तकातल्या टॉर्कवर आवळायचे आणि काही तास चालवल्यावर पुन्हा तपासायचे.

दार उघडताच, काहीही हलवण्याआधी, चारही कोपऱ्यांचे आणि प्रत्येक हुकाचे फोटो काढून ज्याने कंटेनर भरला त्याला पाठवायला सांगा. नुकसान दिसलं तर ड्रायव्हरच्या पावतीवर सही करण्याआधी ते तिथेच लिहायचं, नाहीतर विमा कंपनीकडे बोलायला काही उरत नाही. काही बिघडलं नसेल तरीही मला ते फोटो हवे असतात. एखादा पट्टा किंचित लोंबतोय का ते मी बघतो, आणि पुढच्या कंटेनरला त्या जागी बांधायची पद्धत बदलतो.