समग्र आयडी ९ आकडी असतो: कम्प्युटरच्या पदवीचा फॉर्म भरायला येण्याआधी

इंदूरच्या रामबागेत माझं एमपी ऑनलाइनचं कियोस्क आहे, म्हणजे मध्य प्रदेशातले सरकारी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. दोन कम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन आणि भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो. मे महिना लागला की पोहे-जलेबी आटोपून लोक थेट माझ्या दुकानात. पुढे वडील, मागे मोबाइलमध्ये मान घातलेला मुलगा. ‘ताई, याचं कम्प्युटरमध्ये काहीतरी करून द्या.’ या ‘काहीतरी’चा रकाना फॉर्ममध्ये नसतो, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझी एक अट आहे. फॉर्म मुलानं किंवा मुलीनं स्वतः टाइप करायचा. मी शेजारी बसते, चुकलं तर सांगते. वडिलांनी मागच्या बाकावर बसून चहा प्यावा.

आपल्या मराठी घरांना पहिली ठेच नावाला लागते. आपण मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिन्ही लावतो. इथल्या शाळेत वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो, म्हणून मुलाच्या नावात दोनच शब्द जातात. आधार काढताना आजोबांनी हौसेनं तिन्ही घातलेले असतात. समग्रमध्ये, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, आणखी तिसरीच तऱ्हा. देशपांडेच्या शेवटी इंग्रजीत कुणी ई लावतो, कुणी वाय. आपल्याला दिसतं की ही एकच मुलगी आहे. मशीनला तीन मुली दिसतात आणि ते तिघींनाही बाहेर उभं करतं. दहावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि आधार, समग्र तिच्याशी जुळवून घ्या. हे काम मार्चमध्ये उरका. मेमध्ये आधार केंद्राची रांग आणि फॉर्मची शेवटची तारीख यांची हमखास गाठ पडते.

समग्रचे दोन आकडे असतात. ८ आकडी तो कुटुंबाचा, ९ आकडी तो माणसाचा. फॉर्मला मुलाचा ९ आकडी लागतो. रोज निदान चार जण मला ८ आकडी सांगतात आणि वर म्हणतात, ‘तुमचंच पोर्टल बिघडलंय.’ समग्रची ई-केवायसी (आधारशी पडताळणी) झालेली असू द्या. मूल निवासी प्रमाणपत्र (इथला रहिवासी दाखला), आरक्षण असेल तर मध्य प्रदेशात काढलेलं जातीचं प्रमाणपत्र, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला), आणि बारावी पुण्याला मावशीकडे राहून केली असेल तर माइग्रेशन (बोर्ड बदलल्याचं प्रमाणपत्र), हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. डिजिलॉकर उघडून १२ आकडी एबीसी आयडीही (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर) काढून ठेवा. पुढे मुलाचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांची श्रेयं, त्याच खात्यात जमा होतात.

आता मूळ प्रश्न. नक्की काय शिकायचं?

मी मुलांना नर्मदेच्या पाण्याचं बिल दाखवते. हे बिल घरी येण्याआधी कुणीतरी बसून ठरवलं की घराची नोंद कशी ठेवायची, मालक वारला तर नाव कुणाचं लागेल, अर्धेच पैसे भरले तर बाकी कुठे दिसेल. या ठरवण्याला माहिती प्रणाली म्हणतात. त्यात गोडी वाटत असेल तर बीसीए (कम्प्युटर अ‍ॅप्लिकेशनची पदवी) किंवा बी.एस्सी. कम्प्युटर सायन्स बघा. डेटाबेस, प्रोग्रॅमिंग, नेटवर्क, सॉफ्टवेअर कसं आखायचं, हे सगळं त्यात येतं. मशीनच्या आत काय चालतं तेही खोलवर हवं असेल, बारावीला भौतिकशास्त्र-गणित असेल आणि चार वर्षांची तयारी असेल, तर बी.टेक. मोबाइलवर गेम छान खेळतो म्हणून कम्प्युटर, हे कारण मला अजून पटलेलं नाही.

दारं तीन आहेत आणि तिन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. शासकीय-खासगी कॉलेजातल्या पदवीसाठी उच्च शिक्षण विभागाचं ई-प्रवेश पोर्टल. तिथे बारावीच्या गुणांवर यादी लागते. बी.टेक.साठी जेईई मेन आणि मग तंत्रशिक्षण संचालनालयाचं काउन्सेलिंग. १९५२ सालचं एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज त्यातूनच मिळतं, खंडवा रोडचं आयईटी हे देवी अहिल्या विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेजही. तिसरं दार देवी अहिल्या विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचं, तक्षशिला परिसरातलं. तिथे बऱ्याच अभ्यासक्रमांना सीयूईटी, म्हणजे विद्यापीठांची देशभराची सामायिक प्रवेश परीक्षा, लागते.

या तिसऱ्या दारावर आपली मुलं डोकं आपटतात. एक तर सीयूईटीचा फॉर्म बोर्डाचा निकाल लागायच्या कितीतरी आधी बंद होतो. निकाल बघून ठरवू म्हणणारे तिथेच संपले. दुसरं, सीयूईटी दिली म्हणजे विद्यापीठात अर्ज झाला असं नाही. निकालानंतर विद्यापीठाच्या साइटवर वेगळी नोंदणी करावी लागते. परीक्षा मराठीतूनही देता येते हे इथे कुणाला ठाऊकच नसतं; पण शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची असेल तर त्याच भाषेतून द्या, घरच्या मराठीचा अभिमान तिथे कामाचा नाही.

गणिताबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या भाच्यानं त्यात मार खाल्लाय. तो कॉमर्सचा, बारावीला गणित नाही. बऱ्याच कॉलेजांत बीसीएला तसा प्रवेश मिळतो, त्यालाही मिळाला. पहिल्याच सत्रात संच, संबंध, तर्क असं गणित समोर आलं आणि साहेब दिवाळीत माझ्याकडे फराळाला आले ते पडलेला चेहरा घेऊन. मग एनसीईआरटीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक आणलं. पहिले दोन धडे संच, संबंध आणि फलनं, पुढे क्रमचय-संचय. एवढं त्यानं महिनाभर रोज तासभर केलं आणि गाडी रुळावर आली. तुम्ही हे जूनमध्येच करा. पुढे एनआयटीतून एमसीए (कम्प्युटरची पदव्युत्तर पदवी) करायचा विचार असेल तर निमसेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात १२० पैकी ५० प्रश्न गणिताचे असतात, आणि पदवीला गणित किंवा सांख्यिकी हा विषय असावा लागतो. म्हणून कॉलेजच्या विषयसूचीत ‘मॅथेमॅटिक्स’ हा शब्द आहे की नाही ते प्रवेशाआधीच बघा.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकातले हसरे चेहरे बघू नका. सुट्टी नसलेल्या दिवशी दुपारी जा आणि लॅब उघडायला सांगा. एका ठिकाणी किल्ली असलेला माणूस जेवायला गेला होता, तो आम्ही दीड तास थांबलो तरी आला नाही. उत्तर मिळालं, घरी आलो. २०२४-२५ पासून बीसीए एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आलं आहे, तेव्हा चालू वर्षाचं मान्यतापत्र आणि विद्यापीठाची संलग्नता दाखवा म्हणायला लाजू नका. तिसरा प्रश्न वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, पण गेटच्या बाहेर, चहाच्या टपरीवर: ‘प्रॅक्टिकल खरंच होतात का?’

पसंतीक्रम भरताना ‘हे मिळणार नाही’ म्हणून आवडीचं कॉलेज खाली ढकलू नका. वर लिहिल्यानं खालच्या कॉलेजातली संधी कमी होत नाही. नको असलेलं मात्र यादीत घालूच नका, नेमकं तेच मिळतं.

पैशांचं थोडक्यात. एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के असतील तर मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना बघा; तिच्यात उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला ताजा हवा. खेड्यातल्या शाळेतून ६० टक्क्यांनी बारावी झालेल्या मुलीसाठी ‘गाव की बेटी’ आहे. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा पुरतो, १६ असेल तर उत्तम. तो प्रवेशानंतर घ्या, आधी नको.

सीट मिळाली की पेढे वाटण्याआधी फी भरा. अलॉटमेंट लेटरवर तारीख असते, ती टळली की सीट गेली. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब लग्नाला ग्वाल्हेरला गेलं, ‘आल्यावर भरू’ म्हणून. परत आल्यावर मुलगी माझ्यासमोर खुर्चीत बसून रडली. पुढच्या सीएलसी फेरीत (उरलेल्या सीटांसाठीच्या कॉलेज पातळीवरच्या फेरीत) तिला दुसरीकडे प्रवेश मिळाला, पण पहिल्या पसंतीचं गेलं ते गेलंच. पावतीची पीडीएफ तिथल्या तिथे स्वतःला मेल करा, मोबाइल हरवतात.

नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षावर सर्टिफिकेट, दोनवर डिप्लोमा, तीनवर पदवी, चारवर ऑनर्स अशा पायऱ्या आहेत. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, म्हणून पहिलं वर्ष ‘ओळखीचं वर्ष’ म्हणून घालवू नका. आणि दुसऱ्या वर्षापर्यंत कुणीतरी खरोखर वापरेल असं काहीतरी बनवा. इथल्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या आयटी कंपन्यांत मुलाखतीला गेलं की तेच विचारतात.

भाच्यानं आमच्या गणेश मंडळाच्या वर्गणीची नोंद कम्प्युटरवर घेतली. पहिल्या वर्षी गल्लीतल्या दोन जोश्यांची वर्गणी एकाच नावावर जमा झाली आणि विसर्जनापर्यंत भांडण चाललं. दुसऱ्या वर्षी त्यानं नावाचा नाद सोडला आणि प्रत्येक घराला क्रमांक दिला. आता समोरच्या काकू पावती घ्यायला आल्या की आधी आकडा सांगतात आणि मग विचारतात, ‘अरे, हा वर्गणीचाच ना, का समग्रचा सांगितला मी?’