१०० पैकी ७२ उगवले, तर ७२ टक्क्यांवर किती भिस्त ठेवायची?

सोयाबीनच्या पिशवीत वर, मध्ये, तळाशी हात घालून न निवडता १०० दाणे काढले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि आठव्या दिवशी ७२ निरोगी कोंब मोजले. कुजके, तुटके कोंब धरायचे नाहीत. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. मग पिशवी पास झाली का? लगेच म्हणता येत नाही. त्याच पिशवीतले दुसरे १०० दाणे लावले तर ६६ उगवतील, नाहीतर ७९. आकडा किती हलू शकतो ते प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स, सांगते आणि ते याच नमुन्यातून काढता येते.

उगवलेल्या दाण्याला १, न उगवलेल्याला ० द्या. सरासरी ०.७२. आता उगवलेल्यांचे प्रमाण गुणिले न उगवलेल्यांचे: ०.७२ × ०.२८ = ०.२०१६. याला ९९ ने भागा, ०.००२०४ येते. हे प्रमाणाचे प्रचरण. वर्गमूळ ०.०४५, म्हणजे स्टँडर्ड एरर (नमुन्यागणिक आकडा साधारण किती हलतो ते) साडेचार टक्के. ९५ टक्के खात्रीसाठी त्याला १.९६ ने गुणले की ८.८. खरी उगवण ६३ ते ८१ टक्क्यांत कुठेही असू शकते.

भागायचे १०० ने की ९९ ने? प्रमाण नमुन्यातूनच काढल्यामुळे १०० ने भागल्यास उत्तर सरासरीने किंचित कमी येते. एक वजा केल्याने ती तूट भरून निघते. १०० दाण्यांत फरक नगण्य, १० दाण्यांत मात्र दहा टक्के.

एरर निम्मा हवा तर दाणे चौपट लागतात. ४०० पैकी २८८ उगवले तर एरर २.२५ टक्के. पण खरी चूक इथेच होते. ४०० दाणे १००-१०० च्या चार गुंडाळ्यांत लावले आणि ८१, ६४, ७८, ६५ उगवले असे धरा. सरासरी तीच, ७२. फरक ९, −८, ६, −७. वर्गांची बेरीज २३०. तिला ३ ने भागून ७६.७, पुन्हा ४ ने भागून १९.२, वर्गमूळ ४.४. म्हणजे सूत्राने दिलेल्या एररच्या जवळजवळ दुप्पट! एखादी गुंडाळी कोरडी पडली, एखादीत बुरशी शिरली, की तिच्यातले दाणे एकत्रच बिघडतात. सूत्र मात्र प्रत्येक दाणा स्वतंत्र धरते. तपासायला २३० ला २०.१६ ने (१०० × ०.७२ × ०.२८) भागा: ११.४. चार गुंडाळ्यांसाठी हा आकडा ७.८ च्या वर गेला तर सूत्राच्या एररवर विसंबू नका, चाचणी पुन्हा लावा. म्हणून प्रत्येक गुंडाळीची मोजणी वेगळी लिहून ठेवा; नुसती बेरीज लिहिली तर हा दोष कधीच दिसणार नाही.

१०० पैकी १०० उगवले तर सूत्र प्रचरण शून्य देते. ते खरे मानू नका. तिथे ३ ला दाण्यांच्या संख्येने भागा: न उगवणारे दाणे ३ टक्क्यांपर्यंत असू शकतात.