जपानी शब्द पाठ करताय? मग वहीतून इंग्रजी आधी काढा

मी पुण्यात जपानी सुरू केलं तेव्हा सगळे करतात तशीच वही केली, डावीकडे जपानी शब्द आणि उजवीकडे इंग्रजी अर्थ, कारण पुस्तकं इंग्रजीतून, अँकी या पाठांतराच्या अॅपमधले शब्दांचे गठ्ठे इंग्रजीतून, आणि वेगळं काही करायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली, सगळ्यात सोपी पातळी, एन 5, निघाली त्याच्यावर. पुढच्या एन 4 ला आपटले. तिथून पुढे शब्दांच्या भागात एक प्रकार येतो, एक शब्द देतात आणि खाली चार वाक्यं, त्यातल्या कुठल्या वाक्यात तो शब्द नीट बसलाय ते ओळखायचं. अर्थ पाठ होता तरी मला चारही वाक्यं बरोबरच वाटायची! आणि 2010 पासून जेएलपीटीची अधिकृत शब्दयादी निघत नाही, त्यामुळे ‘एवढे शब्द केले की झालं’ असं काही नसतं.

डोळे उघडले ते ‘सामुई’ आणि ‘त्सुमेताई’मुळे. वहीत दोघांपुढे एकच शब्द, कोल्ड. मी वर्गात ‘पाणी थंड आहे’ म्हणायला बिनधास्त ‘मिझु गा सामुई’ म्हटलं. आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, मराठीच, त्या म्हणाल्या, “पाण्याला थंडी वाजतेय का गं?” बस, तिथेच कळलं. हवेतली, अंगाला वाजते ती थंडी म्हणजे सामुई, आणि हात लावल्यावर गार लागतं ते त्सुमेताई. आपल्याकडे हा फरक आधीपासूनच आहे, मीच तो इंग्रजीतून फिरवून आणून वाटेत हरवत होते. (पाण्याचं अजून एक, मिझु म्हणजे गार किंवा साधं पाणी, गरम झालं की ते ‘ओयु’. ‘आत्सुई मिझु’, म्हणजे ‘गरम मिझु’, म्हटलं तर लोकांना समजतं, पण कानाला विचित्र लागतं.)

मग मी उजवी बाजू मराठीत लिहायला घेतली आणि मजाच आली. इंग्रजीत सगळं राइस, पण जपानीत शेतात उभं पीक ते ‘इने’, पोत्यातलं ते ‘कोमे’, शिजून वाटीत आलं की ‘गोहान’. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही, भात लावला, तांदूळ निवडले, भात वाढला. अंगावर घालायचंही तसंच. शर्टला ‘किरु’, पँट, मोजे, बूट यांना ‘हाकु’, टोपीला ‘काबुरु’, चष्म्याला ‘काकेरु’. जोड्या हुबेहूब जुळत नाहीत, पण साडी नेसतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, चष्मा लावतात हे ज्याच्या तोंडात आहे त्याला वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं याचं नवल वाटायला नको. म्हणून सुटा शब्द लिहूच नका, ‘कुत्सु ओ हाकु’ (बूट घालणे) असा वस्तूसकट लिहा.

सगळ्यात जास्त उपयोग झाला ‘मिरु’ आणि ‘मिएरु’ला. बघणे आणि दिसणे. शिनकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, खिडकीतून फुजी पर्वत दिसतो तो मिएरु, मुद्दाम टीव्ही बघतो तो मिरु. तसंच ‘किकु’ ऐकणे आणि ‘किकोएरु’ ऐकू येणे. ऑनलाइन मीटिंगमध्ये ‘किकोएमासु का’, ‘मिएमासु का’ म्हणजे सरळ आपलं ‘ऐकू येतंय का, दिसतंय का’. माझ्या बॅचमधले जे इंग्रजीत विचार करायचे ते इथे महिनोन्महिने अडकले.

पण मराठीवर आंधळा विश्वास नको, माझी फजिती तिच्यामुळेच झाली. जपानला आल्यावर एका रविवारी ऑफिसमधल्या सेन्पाईंनी, म्हणजे सीनियरनी, घरी बोलावलं होतं. स्टेशनवरून फोन करून मी म्हटलं, “इमा किमासु!” आता येते, असं. पलीकडे शांतता. मग, “एत्तो... दारे गा?” म्हणजे कोण येतंय? आपण समोरच्याकडे जाताना ‘येते’ म्हणतो, एवढंच काय निघतानाही ‘येते हं’ म्हणतो, पण जपानीत बोलणाऱ्याने स्वतःच्या जागेवरून बघायचं, मी तुमच्याकडे निघाले तर ‘इकिमासु’, जाते. मला अजूनही फोनवर अर्धा सेकंद थांबावं लागतं.

दुसरा खड्डा ‘माहीत नाही’चा. ‘उद्या येणार का?’ याला आपण सहज ‘माहीत नाही अजून’ म्हणतो, म्हणून मी ‘शिरिमासेन’ म्हणायचे. स्वतःच्याच बेताबद्दल ते ‘मला काय त्याचं’ असं तुटक ऐकू येतं. तिथे ‘वाकारिमासेन’.

आणि जपानी शब्द देवनागरीत लिहून ठेवू नका, पहिल्या आठवड्यातच हिरागाना ही जपानी लिपी उरका. इथे मी लिहितेय ते वाचायला सोपं जावं म्हणून. ‘इथे’ आणि ‘हायस्कूल’ हे दोन्ही शब्द आपण ‘कोको’ असेच लिहू, फरक फक्त ओ किती लांबवला त्याचा. आत्या आणि आजीचंही तेच, दोघी ‘ओबासान’च होऊन बसतात.

एक गोष्ट मी फार उशिरा शिकले, दुखण्याचे शब्द. नुसतं ‘इताई’, दुखतंय, म्हणून भागत नाही. दाढ दुखत होती म्हणून गेले तर डॉक्टर विचारतात, ‘झुकिझुकि’ का? मी तोंड उघडं ठेवून नुसती बघत बसले. मग त्यांनी मूठ गालाशी धरून उघडमीट करून दाखवली, आणि मी मनात म्हटलं, अरे, ठणका! घरी येऊन लिहून काढलं. झुकिझुकि, ठणकतंय. चिकुचिकु, टोचतंय. हिरिहिरि, चुरचुरतंय. पोटात बारीक बारीक, न थांबता दुखतं त्या ‘शिकुशिकु’पुढची जागा मात्र अजून रिकामी आहे, आईला विचारलं तर ती म्हणाली आधी ओवा खा.