हॉकी की बॅडमिंटन? ग्वाल्हेरला नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

शाळेचा प्रवेश झाला, घर मिळालं, गॅस लागला, की महिन्याभरात नव्या मंडळींकडून हा प्रश्न येतोच. मुलगी आठवी-नववीत आहे. पुण्याला किंवा नाशिकला बॅडमिंटन खेळायची. इथल्या शाळेत पी.टी.च्या सरांनी हातात हॉकी स्टिक दिली आणि आता तिला दोन्ही हवंय. सर म्हणतात, एक काय ते ठरवा.

हा पेच ग्वाल्हेरचाच आहे. सरकारची महिला हॉकी अकादमी 2006 पासून इथे कंपू भागात आहे, बॅडमिंटनची राज्य अकादमीही याच शहरात. शारीरिक शिक्षणाची लक्ष्मीबाई संस्था 1957 पासूनची, त्यामुळे शिकलेले प्रशिक्षक इथे शोधावे लागत नाहीत. क्रिकेटचं वेड आहेच. पण सचिनने 24 फेब्रुवारी 2010 ला ज्या मैदानावर नाबाद 200 केले, त्याला नाव आहे हॉकीवाल्या कॅप्टन रूपसिंगांचं. 1932 आणि 1936 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणारा हा माणूस शिंद्यांच्या फौजेत होता. एवढ्यावरून हॉकीचं इथलं वजन समजून घ्या.

माझं उत्तर दरवेळी लोकांना थोडं निराश करतं: आत्ता ठरवू नका. पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू होतात, आधी जिल्हा, मग संभाग (म्हणजे आपला विभाग), मग राज्य. एकदा दोन्ही खेळांच्या तारखा एकमेकींवर आल्या की मुलगी कुठल्या तारखेसाठी रडते ते आपोआप दिसतं. तोवर दोन्हीचे सराव होऊ द्या, दमली तरी चालेल.

तोपर्यंत एक गोष्ट तुम्ही करायची: सामना बघू नका, सराव बघा. सामन्यात सगळ्याच मुली खूश असतात. हॉकीचा सराव म्हणजे कमरेत वाकून तासभर चेंडू थांबवणं आणि ढकलणं, आणि मागून सरांचं "नीचे, और नीचे!" चालूच. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, घसरून पडलं की कोपर सोलवटतं. बॅडमिंटनमध्ये प्रशिक्षक टोपलीतून एकामागून एक शटल टाकत राहतात आणि पोरगी कोर्टाचे कोपरे गाठत राहते, शेवटी तर शटलशिवायच नुसती पावलं. यातला कुठला कंटाळा ती कुरकुर न करता सोसते ते पाहा. खेळ किती चांगला येतो, ते दुसऱ्या वर्षी पाहू.

माझं स्वतःचं झुकतं माप सांगून टाकते. मूल तेराव्या-चौदाव्या वर्षी नव्या शहरात आलं असेल, हिंदी अडखळत बोलत असेल, तर पहिलं वर्ष हॉकी. मैदानावर अकराजणी असतात, बोलल्याशिवाय पास मिळत नाही, आणि हरल्यावर टेम्पोत सगळ्या मिळून सरांची नक्कल करतात. आमच्या धाकटीची इथली हिंदी शाळेत कमी आणि त्या टेम्पोत जास्त तयार झाली. बॅडमिंटनमध्ये हरलेली मुलगी एकटीच किट भरते. काहींना तेच बरं वाटतं, आणि अशा मुलीला जबरदस्तीने संघात कोंबू नये.

मात्र मुलगी डावखुरी असेल तर थांबा. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि डाव्या हाताची स्टिक सामन्यात चालत नाही. डावखुऱ्यांनाही उजव्यांसारखंच धरायला शिकावं लागतं. पुष्कळजणी शिकतात, पण सुरुवातीचे महिने चिडचिड होते. बॅडमिंटनमध्ये उलट, समोरच्याची पंचाईत होते.

आता इथल्या हवेबद्दल, कारण महाराष्ट्रातून आलेल्यांना हे कोणी सांगत नाही. मे-जूनमध्ये पारा 45 च्या पुढे जातो. टर्फ तापण्याआधी हॉकीचा सराव पहाटे उरकावा लागतो. जानेवारीत धुक्यात चेंडू दिसत नाही म्हणून उशिरा सुरू होतो. तेव्हा इनडोअर बरं, असं वाटेल. पण बॅडमिंटनच्या हॉलमध्ये खेळताना पंखे बंद ठेवतात, नाहीतर शटल वाहवत जातं. मे महिन्यात बंद हॉलमध्ये, पंख्याविना, दीड तास: एकदा बाकावर बसून बघा म्हणजे कळेल. कोरड्या हवेत पिसं कडक होऊन पटापट तुटतात, म्हणून आदल्या रात्री शटलच्या डब्याला वाफ देतात. गरम हवेत शटल जास्त वेगाने जातं, तेव्हा उन्हाळ्यासाठी कमी नंबरचं, म्हणजे हळू जाणारं, घ्यायचं. चांगल्या पिसांच्या शटलचा डबा हजाराच्या पुढे जातो. खर्चाचं गणित इथेच संपतं. हॉकी स्टिक आणि शिनगार्ड (नडगीवर बांधायचे) एकदा घेतले की वर्षभर बघावं लागत नाही.

लष्कर या भागातल्या जुन्या मराठी घरांतल्या आजी "उन्हात काळी पडेल हो" म्हणतील. हसून मान हलवा. वाद घालण्यात सराव बुडतो.

प्रवासाचा विचार मात्र नीट करा. हॉकी संघ मॅनेजरबरोबर जातो, तुम्हाला रजा काढावी लागत नाही. पण मुलींसोबत बाई मॅनेजर आहेत का, मुक्काम कुठे, हे शाळेला लेखी विचारा. बॅडमिंटनला बहुतेकदा आई किंवा बाबाच बरोबर जातात. दोघंही नोकरी करत असाल तर आत्ताच ठरवा कोण जाणार. आणि शाळेचा हॉकी संघ खरंच उतरतो का तेही विचारून घ्या. बऱ्याच शाळांकडे फळ्यावर नाव असतं, मैदानावर सातच मुली.

कागद: वेळेत नोंदवलेला जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, आणि महाराष्ट्रातली खेळाची प्रमाणपत्रं. गावाला गेलात की घेऊन या, निवड चाचणीच्या आदल्या दिवशी मामाला फोन करून ती व्हॉट्सॲपवर मागवू नका. महाराष्ट्र बोर्डात दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, तो हिशेब इथे धरू नका. सीबीएसई शाळेत राष्ट्रीय स्पर्धेमुळे पेपर बुडाला तर वेगळ्याने परीक्षा घेतात, पण त्यासाठी अर्ज वेळेत शाळेमार्फत जावा लागतो.

जो खेळ सुटेल त्या सरांना मुलीने स्वतः जाऊन सांगावं, तुमच्या मेसेजने नको. सर थोडे नाराज होतील आणि म्हणतील, सुट्टीत येत जा. तर जावं. रॅकेट मात्र विकू नका.