फुकटचं सॉफ्टवेअर जगवायचंय? मग या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरवर ठेवणारा वैतागून म्हणतो, ‘पीडीएफ केली की जोडाक्षरं तुटतात, बेकार सॉफ्टवेअर आहे.’ टपरीवर एवढं बोलणं ठीक, पण दुरुस्ती करणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही.

आधी हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये, म्हणजे तुमच्या सेटिंग बाजूला ठेवून, सुरू करून बघा. तिथे अडचण गेली तर दोष बहुधा तुमच्या सेटिंगचा किंवा एक्स्टेन्शनचा (वरून जोडलेल्या पुरवणीचा). नाही गेली तर बगझिलावर, म्हणजे लिब्रेऑफिसच्या तक्रारींच्या जाहीर वहीत, तोच बग (दोष) आधी कुणी नोंदवलाय का ते शोधा. नसेल तर कळवा: आवृत्ती, विंडोज की लिनक्स, फॉन्टचं नाव आणि दोन ओळींची नमुना फाइल. गिऱ्हाइकांची नावं-रकमा असलेली खरी फाइल चढवू नका, ती सगळ्या जगाला दिसते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे तगादा. ‘अपडेट कधी? जमत नसेल तर दुसऱ्याला द्या.’ एक्सझेड हे लिनक्सवर सर्रास वापरलं जाणारं कॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर. ते सांभाळणाऱ्या लासे कॉलिन यांच्यामागे २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी असाच लकडा लावला. हे बिनपगारी छंदाचं काम आहे, तब्येतही साथ देत नाही, हे त्यांनी सांगून पाहिलं. शेवटी ‘जिया टॅन’ नावाच्या मदतनिसाकडे अधिकार गेले आणि २०२४ मध्ये त्याच हातून आवृत्तीत चोरदरवाजा घुसला. एसएसएचने दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याच्या मागे आंद्रेस फ्रॉइंड नावाचे प्रोग्रामर लागले, म्हणून तो सापडला. तगादा लावणारे सगळे लबाड नसतात हो, पण लबाडाला गर्दी आयती मिळते.

कॉलेजच्या पोरांनी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीपत्रकात) एक शब्द बदलून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवू नये. असे बदल पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० मध्ये टी-शर्टापायी असल्या रिक्वेस्टांचा इतका पूर आला की आयोजकांना भर महिन्यात नियम बदलावे लागले. त्यापेक्षा वेबलेट या भाषांतराच्या वेबसाइटवर लिब्रेऑफिसच्या भाषांतराला हात लावा. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी बोलणाऱ्या सोलापूरकराइतका हक्काचा माणूस कुठे मिळणार?

ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशोब-साठा सांभाळणारं फुकटचं सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांनी केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी. स्वतःपाशी दाबून ठेवली तर पुढच्या अपग्रेडला तीच पुन्हा करत बसाल.

आणि वर्षभर नवी आवृत्ती नाही म्हणून लगेच फोर्क करू नका, म्हणजे त्याची प्रत घेऊन वेगळी चूल मांडू नका. काही सॉफ्टवेअरचं काम खरोखरच पूर्ण झालेलं असतं. आधी विचारा, पडून असलेले दोन-चार बग तपासून द्या. लिब्रेऑफिससुद्धा २०१० मध्ये ओपनऑफिसमधूनच फुटून निघालं, पण त्यामागे माणसांचा जथा होता. एकट्याने केलेला फोर्क सांभाळायला पुढच्या वर्षी तुम्हाला तरी वेळ आहे का, ते आधी बघा.